खड्डा इथला, थरथर तिकडची

"मिस्त्री, अलाइनमेंट मारून द्या."

गाडीचं दार उघडायच्या आधी, काच खाली करून बहुतेक गिऱ्हाईक हेच म्हणतं. दवाखान्यात शिरता शिरता डॉक्टरला 'सलाइन लावा' म्हणणारे लोक असतात, तसे हे. मी हातातला पाना खाली ठेवतो आणि विचारतो, "गाडी काय करते ते सांगा आधी."

"थरथरते."

"किती चालीवर?"

"ऐंशी-नव्वदच्या पुढं. भंडारा सोडला का सुरू. स्टेअरिंग असं हातात नाचते. शंभर-एकशेदहाच्या वर नेली का पुन्हा शांत."

"खड्ड्यात कुठं आपटली होती?"

यावर गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. खड्डा तर आठ दिवसांआधी, गावाजवळच्या रस्त्यावर. तेव्हा गाडीला काहीच झालं नव्हतं. त्यानंतर चार वेळा तुमसरला जाऊन आली.

एवढ्यातच अर्धं निदान होतं. आमच्या चिखल्याच्या आसपास नव्वदची चाल येणार कुठून? इथं जमिनीखाली मॉयल कंपनीची मँगनीजची खाण आहे, पलीकडे डोंगरी बुजुर्गची उघडी खाण. मालाचे ट्रक बारमाही चालतात. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या तुडुंब असतात आणि खड्ड्यातलं पाणी नि बांधीतलं पाणी दिसायला सारखंच. गाडी चाळीसनं चालते, फार तर पन्नासनं. चाकाला झालेली इजा या चालीवर गप्प राहते. मोहाडी, वरठी, भंडारा करत माणूस राष्ट्रीय महामार्ग ५३ वर चढतो, चौपदरी रस्ता बघून पाय दाबतो आणि तिथं ती बोलायला लागते. मग दोष नव्या पेट्रोलचा, नाहीतर महामार्गाच्या काँक्रीटचा. २०२२ च्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तिथं मोटारीला १२० ची मुभा. तेव्हापासून माझ्याकडे थरथरीच्या गाड्या वाढल्या. खड्डे पूर्वीही होते, ती चाल नव्हती.

गणित सोपं आहे. नेहमीच्या छोट्या मोटारीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जमीन कापतं. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला तेरा वेळा फिरतं. त्या चाकाच्या कडेला ३० ग्रॅमचं वजन एका बाजूला जास्त झालं, समजा खड्ड्यात आपटून तोलासाठी लावलेला शिशाचा चिमटा उडाला, तर त्या चालीवर ते ३० ग्रॅम पावणेचार किलोच्या ताकदीनं चाकाला बाहेर ओढतं. तेही सेकंदाला तेरा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. चाल निम्मी केली तर ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. पंचेचाळीसच्या चालीवर ती जेमतेम एक किलो उरते. एवढी तर आमच्या रस्त्याची गिट्टीच पचवून टाकते.

मग शंभर-एकशेदहाच्या वर शांत का होते? चाक, हब, ब्रेक हे सगळं मिळून स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये टांगलेलं असतं, आणि त्याची स्वतःची वरखाली होण्याची एक लय असते, सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांची. पोळ्याच्या दिवसांत झाडाला बांधलेला झुला आठवा. पोरगी कितीही जाड असो, बरोबर वेळेवर बोटानं ढकललं तरी झुला चढत जातो. वेळ चुकली की दोन हातांनी ढकलूनही अडखळतो. चाकाचे सेकंदाला तेरा फेरे त्या लयीत बरोबर बसतात. चाल आणखी वाढली की ढकलण्याची वेळ चुकते. थरथर जाते, पण ओढ वाढलेलीच असते. १२० ला ती साडेसहा किलोच्या वर जाते आणि बेअरिंग, बुश, बॉल जॉइंट मुकाट्यानं मार खात राहतात. 'वर नेली का बरी चालते' म्हणून तशीच शिर्डीपर्यंत पळवणाऱ्यांना मी एवढंच सांगत असतो.

आणि अलाइनमेंट? चाकं एकमेकांशी कोणत्या कोनात उभी आहेत, त्याचं ते माप. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. चालीबरोबर येणारी नि जाणारी थरथर ही गोल फिरणाऱ्या वस्तूची तक्रार असते, कोनाची नसते. खड्ड्यानंतर अलाइनमेंट तपासावंच, पण शेवटी. वाकडा लोअर आर्म तसाच ठेवून पडद्यावरचे आकडे हिरवे करून देणं म्हणजे मोडलेल्या पायाला नवी चप्पल घालणं.

माझे वडील खाणीत होते. भुयारात शिरल्यावर काम सुरू करायच्या आधी लोखंडी सब्बलीनं छत ठोकून बघायची रीत असते. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला दगड भद्द वाजतो. ठोकताना बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, तो त्यांनी घरीही चालवला. मी आयटीआय करून पाना धरला, पण ठोकून ऐकायची सवय तीच. चाकाची लोखंडी डिस्क, म्हणजे रिम, टायरातून काढून हातोडीनं हळूच वाजवली की चीर गेलेली डिस्क चटकन ओळखू येते. आवाज लांबत नाही, तुटतो.

माझी स्वतःची फजितीही सांगतो. दुकान नवं होतं, पावसाळ्याचे दिवस, खड्ड्यात आपटून आलेली गाडी. मी चाक काढलं, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं, मशीननं एका बाजूला ४५ ग्रॅम मागितलं, ते लावलं, आकडा शून्यावर आणला. गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या दिवशी नागपूरहून त्याचा फोन, गाडी आधीपेक्षा दुप्पट नाचते. परत आल्यावर चाक काढून आत बॅटरी मारली. डिस्कच्या आतल्या बाजूला काळा चिखल थापलेला होता, सिमेंटसारखा वाळलेला, आणि त्यातला मोठा पोपडा रस्त्यात कुठंतरी गळून पडला होता. मी चिखलासकट चाक तोललं होतं! इकडच्या रस्त्यावरचा चिखल साधा नव्हे, त्यात मँगनीजची भुकटी असते. मँगनीजचा दगड साध्या दगडापेक्षा बराच जड, मूठभर उचलला तरी हाताला कळतो. गावाचं नावच चिखला आणि मला आधी चिखल सुचला नाही, यावरून वडील कितीतरी दिवस हसत होते. तेव्हापासून पाण्याचा पाइप पहिला, मशीन नंतर. कित्येक गाड्या नुसत्या धुऊनच बऱ्या झाल्या आहेत. त्याचे पैसे मागताना मात्र मलाच संकोच होतो.

धुतल्यावर आधी नटबोल्ट. छोट्या मोटारीचे नट साधारण ९० ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे, समोरासमोरचे, एकाआड एक. पंक्चर काढताना घाईत आवळलेला नट खड्ड्यात सैल होतो आणि ती थरथर जिवावर बेतू शकते. मग प्रश्न. स्टेअरिंग थरथरते तर पुढची चाकं, सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरतो तर मागची. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क. पिकअप घेतानाच येत असेल आणि पाय उचलला की जात असेल तर एक्सलचा जॉइंट. खात्री नसेल तर पुढची चाकं मागं टाकायची. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चोर चाकातच आहे. गाडी जॅकवर चढवून चाक वर-खाली धरून हलवलं आणि खुळखुळलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, डाव्या-उजव्या बाजूला धरून खुळखुळलं तर टाय रॉडचं टोक.

हे सगळं करूनही हरायची वेळ एका गुरुजींच्या गाडीनं आणली होती. दिवाळीला मुलीकडे पुण्याला जायचं, आणि गाडी नव्वदला नाचते. शहरात दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालेलं, दोन्ही वेळा मशीनवर शून्य. माझ्याही मशीनवर शून्यच आलं. गुरुजी म्हणाले, "तिघांचं उत्तर सारखं, म्हणजे गणितच चुकीचं मांडलं असेल." मी त्यांना हवेचं विचारलं. पुढच्या डाव्या चाकात दर आठवड्याला चार-पाच पॉइंट हवा कमी होत होती, पंक्चर मात्र सापडत नव्हतं.

मशीन वजन कुठं कमी-जास्त आहे ते सांगतं. चाक गोल आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. लंबगोल चाकसुद्धा तोलून शून्यावर आणता येतं, आणि रस्त्यावर ते दर फेऱ्याला गाडी उचलतं. गुरुजींच्या खिशात खडू होताच. गाडी जॅकवर घेतली, गाडीखाली शिरून खडू विटेवर टेकवून डिस्कच्या आतल्या कडेला जेमतेम लागेल असा धरला आणि दुकानातल्या पोराला चाक फिरवायला लावलं. पूर्ण गोल रेघ उमटायला हवी होती. उमटली वीतभर, बाकी कड कोरी. आतली कड चारेक मिलिमीटर दबलेली. एक-दीडच्या पुढं गेली तरी मी डिस्क नापास करतो. बाहेरून चाक लग्नातल्या नवऱ्यासारखं दिसत होतं. हवाही तिथूनच जात होती.

त्याच वेळी टायर आतून बघितला. बाजूच्या भिंतीवर फुगा असता तर आतले धागे तुटले असं समजून मी तो टायर कापूनच ठेवला असता. फुग्यावर मी घासाघीस करत नाही, 'पुढच्या महिन्यात बदलतो' हेही ऐकत नाही. अलीकडच्या रुंद, बारीक भिंतीच्या टायरांना हे फार होतं. धक्का झेलायला रबरच उरलेलं नाही, चकाकी तेवढी वाढली. तडकलेली अलॉयची डिस्क वेल्डिंग करून मागणाऱ्यांना मी दुसरं दुकान दाखवत नाही, सरळ नाही म्हणतो.

गुरुजींचा टायर शाबूत निघाला. नवी लोखंडी डिस्क टाकली, चाक तोललं, शेवटी अलाइनमेंटही मारली. वरठीच्या पुढं जाऊन आम्ही दोघं चालवून आलो. नव्वदला गुरुजींनी स्टेअरिंगवर दोनच बोटं ठेवून दाखवली, मी ती पाच करायला लावली.

जुनी डिस्क टाकायला त्यांचा जीव होईना. "स्टेपनीत चालेल ना?"

"कड ठोकून सरळ करून देतो, हवा धरेल. पण फक्त दुकान गाठेपर्यंत. आणि पन्नासच्या वर नाही."

ठोकून झाल्यावर, टायर चढवून स्टेपनी डिकीत ठेवली, तेव्हा गुरुजींनी उरलेला खडू काढला आणि डिस्कवर फळ्यावरच्या वळणदार अक्षरात '५०' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.