डॉनरचा घाट

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस फूट उंचीवर आहे. फेब्रुवारीत तिकडच्या शिवारात बदामाची झाडे फुलू लागतात, घरोघरच्या अंगणात संत्री लोंबत असतात आणि माणसे नुसता स्वेटर घालून उन्हात कॉफी पीत बसतात. तिथून मोटारीने पूर्वेकडे निघावे आणि दोन तासांच्या आत अशा ठिकाणी पोचावे, की जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारीहून उंच अशा बर्फाच्या भिंती उभ्या आहेत! हा डॉनरचा घाट. महामार्गाचा माथा ७,२३९ फुटांवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दीडपटीहूनही उंच.

माझा मुलगा सॅन होजेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. मुंबईकर जसे पावसात भिजायला लोणावळ्याला धावतात, तशी तिकडची मराठी कुटुंबे हिवाळ्यात एकदा तरी टाहो सरोवराकडे बर्फ बघायला जातात. नातीच्या शाळेला सुट्टी लागली आणि आमचेही निघायचे ठरले.

या डोंगराचे नाव सिएरा नेवाडा. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थच मुळी ‘बर्फाळ डोंगररांग’ असा आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि अंगातले सगळे पाणी तिथेच टाकून देतात. आपल्या सह्याद्रीवर मोसमी वाऱ्यांचे होते तेच; फरक एवढाच, की आंबोलीत धारा कोसळतात आणि इथे कापूस पिंजल्यासारखा बर्फ पडतो. माथ्याजवळ बर्कलेच्या विद्यापीठाची एक हिम-प्रयोगशाळा आहे. आम्ही गेलो त्या हिवाळ्यात तिथे एकूण ७५४ इंच बर्फ पडल्याची नोंद झाली. साठ फुटांहून अधिक!

घाटाला डॉनर हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांची हकीकत मुलाने वाटेत सांगायला सुरुवात केली आणि सूनबाईंनी नातीकडे डोळ्यांनी खूण करून ती मध्येच थांबवली. १८४६ साली बैलांच्या गाड्यांतून पश्चिमेकडे निघालेला हा सत्त्याऐंशी माणसांचा तांडा. जवळची वाट म्हणून कुणीतरी सुचवलेल्या आडवाटेने ते गेले. त्या आडवाटेने त्यांचे कित्येक दिवस खाल्ले, आणि डोंगराच्या पायथ्याच्या तळ्यापाशी ते पोचले तेव्हा बर्फ पडू लागला होता. सबंध हिवाळा ते तिथे अडकले. निम्म्याच्या आसपास माणसे दगावली आणि जी जगली त्यांतल्या काहींना मेलेल्यांवर गुजराण करावी लागली. तळ्याकाठी त्यांचे स्मारक आहे. त्याचा चौथरा बावीस फूट उंच आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तेवढा साचला होता, असे दाखवण्यासाठी.

ते बैलगाडीचे दिवस होते, असे कुणी म्हणेल. पण जानेवारी १९५२ मध्ये याच डोंगरात ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ नावाची झोकदार आगगाडी बर्फात रुतली, ती २२६ माणसांना पोटात घेऊन तीन दिवस. तेव्हा यंत्र आले म्हणून डोंगर नमला, असे काही समजायचे कारण नाही.

आज तिथे चौपदरी-सहापदरी राजमार्ग आहे आणि बर्फ ढकलणारी अजस्र यंत्रे रात्रंदिवस राबतात. तरीही बर्फ जोरात सुरू झाला, की रस्त्यावर फलक लागतात आणि साखळ्यांचा कायदा सुरू होतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत बर्फाचे खास टायर असलेल्या गाड्यांना तसेच जाऊ देतात. दुसरीत ज्यांची चारही चाके एंजिनाच्या जोराने फिरतात आणि चारही टायर बर्फाचे आहेत, तेवढ्यांनाच सूट. बाकी सर्वांनी साखळ्या चढवल्याच पाहिजेत. तिसरीत कुणालाच सूट नाही. पण तिची पाळी क्वचितच येते, कारण तोवर बहुधा रस्ताच बंद करतात.

साखळी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला चित्र काढूनच दाखवायला हवे. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगाने दोन साखळ्या आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, अशी ही लोखंडी जाळी टायरवर घालून आवळायची. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड नावाच्या गृहस्थाने १९०४ साली तिचे पेटंट घेतले. त्याआधी लोक चिखलातून जाताना चाकांना दोर गुंडाळत, त्यावरून त्याला हे सुचले असे सांगतात. सव्वाशे वर्षांत मोटारीचे काय काय बदलले! ही जाळी मात्र मूळ कल्पनेत तशीच आहे. कारण प्रश्नच साधा आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला नव्हे. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. बर्फावर ती पकडच नाहीशी होते आणि थांबलेल्या चाकांवर गाडी साबणाच्या वडीसारखी घसरत जाते. साखळीच्या कड्या बर्फात दात रोवतात.

मुलाने निघण्याच्या आदल्या दिवशी, कोरड्या अंगणात, दोनदा साखळ्या चढवून-उतरवून पाहिल्या होत्या. मला तेव्हा हा नाटकाच्या तालमीसारखा प्रकार वाटला. किंगव्हेल नावाच्या जागी पोलिसाने गाड्या बाजूला घ्यायला लावल्या तेव्हा त्या तालमीची किंमत कळली. वारा सुटलेला, बर्फ डोळ्यांत जातो आहे, बोटे पाच मिनिटांत लाकडासारखी झाली आहेत आणि शेजारून मालमोटारी घोंघावत जात आहेत. अशा वेळी छापील सूचना वाचत कोण बसणार? त्याने जाळी पुढच्या चाकांवर टाकली (आमच्या गाडीत एंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो; जोर ज्या चाकांना, साखळी त्यांनाच), आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवला, मग बाहेरचा, गाडी थोडी पुढे घेतली आणि पुन्हा आवळले. थोडे अंतर गेल्यावर उतरून आणखी एकदा.

शेजारीच तीन-चार तरुणांची गाडी उभी होती. साखळ्यांचे नवे कोरे खोके त्यांनी तिथेच फोडले, आणि जाळी टायरपेक्षा लहान निघाली. टायरच्या कडेवर त्याचे माप आकड्यांत कोरलेले असते. त्याच मापाची साखळी लागते, चपलेसारखे ‘साधारण बसेल’ इथे चालत नाही. पिवळे जाकीट आणि छातीवर क्रमांकाचा बिल्ला लावलेली परवानाधारक माणसे तिथे पैसे घेऊन साखळ्या चढवून देतात. पोरांनी त्यांतल्या एकाला गाठले. पण या लोकांना साखळ्या बसवायची परवानगी आहे, विकायची नाही. पोरांनी बरीच गयावया केली. पोलिसाने शांतपणे गाडी वळवायची जागा दाखवली. मला त्यांची दया आली. मुलाला मुळीच आली नाही. “बाबा, ही गाडी वर आडवी झाली, तर मागच्या पाचशे गाड्या रात्रभर अडकतील,” तो म्हणाला.

साखळ्या लावून ताशी तीस मैलांच्या वर जायचे नाही. खड्-खड्-खड् असा एकसुरी आवाज आणि बैलगाडीसारखे हादरे. आणि आता आतली काच धुरकटू लागली. मुलाने एक बटण दाबले तसा वातानुकूलनाचा दिवा लागला. आमच्या सौ. मागून म्हणाल्या, “अरे, एवढ्या थंडीत एसी कसला लावतोस? पोरगी गारठेल!”

प्रश्न रास्त होता. पण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम येतो, तसाच गार काचेला आतून येतो. पाच माणसांच्या श्वासांची वाफ दुसरी जाणार कुठे? वातानुकूलन यंत्र हवा आधी थंड करते, तिच्यातले पाणी काढून घेते आणि मग एंजिनाच्या उष्णतेने ती तापवून काचेवर सोडते. हवा ऊनही आणि कोरडीही. मात्र बाहेरची ताजी हवा आत येऊ द्यावी लागते. तीच हवा आतल्या आत फिरवत ठेवली तर काच पुन्हा धुरकटते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात आपले टॅक्सीवाले विडीची तंबाखू काचेवर चोळत. पण ती बाहेरच्या पाण्यासाठी. आतल्या वाफेला ते बिचारे फडक्यानेच पुसत.

दुसरा वाद नातीच्या कोटावरून झाला. आजीला वाटे, जाड कोट अंगात असावा. सूनबाईंनी तो काढून, खुर्चीचे पट्टे घट्ट करून वरून पांघरूण घातले. फुगीर कोट धक्क्यासरशी दबतो, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यांतून निसटू शकते. आजीला हे पटले, पण पांघरूण त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा नीट केले.

माथ्याच्या अलीकडे सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे काय झाले होते, कळत नव्हते. दहा मिनिटे, वीस मिनिटे. एंजिन चालू, आत उबारा, आणि बाहेर बर्फ हळूहळू गाडीच्या कडेने चढतो आहे. मुलगा फावडे घेऊन उतरला आणि मागे जाऊन धुराच्या नळीसमोरचा बर्फ त्याने उपसला. मी खुणेने विचारले, हे कशाला? त्याने आत येऊन हलक्या आवाजात एवढेच सांगितले, “मरी.” जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे गेली, पोरेबाळे होती त्यांत. बर्फाने नळी बुजली, की एंजिनाचा विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला फक्त झोप येते. म्हणून अडकल्यावर एंजिन तासातून दहाएक मिनिटेच चालवावे, त्याआधी नळी मोकळी करावी, आणि वाऱ्याच्या विरुद्ध अंगाची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. विजेच्या मोटारीला हा धोका नाही. पण तिला उबारा बहुतांशी बॅटरीतूनच काढावा लागतो, तेव्हा थंडीत तिचा पल्ला घटतो.

मुलाने एंजिन बंद केले. आम्ही पांघरुणे ओढून बसलो. सौ. नी थर्मासमधला चहा काढला. नात झोपली होती. तिच्या आजीने दोनदा तिचे नाव घेऊन तिला हलवले आणि ती कुरकुरली तेव्हाच हात मागे घेतला.

तासाभराने रांग सरकली. ट्रकीच्या खालच्या अंगाला रस्ता काळा दिसू लागला, तशा साखळ्या उतरवल्या. कोरड्या रस्त्यावर त्या तुटतात आणि रस्त्यालाही ओरबाडतात. घरी परतल्यावर मुलाने त्या पाण्याने धुतल्या, पुसल्या आणि दोन दिवस उन्हात वाळवल्या, कारण रस्त्यावर टाकलेल्या मिठाने लोखंड लवकर गंजते. एक आडवी साखळी झिजली होती. तिच्यासाठी त्याने त्याच संध्याकाळी दुकानात चौकशी केली.