सत्तर पाट्या

माळवदाचं घर उन्हाळ्यात गारेगार. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाणी गळू नये म्हणून मृगाआधी वर नवी माती पसरायची. जुनी कुणी काढत नसे. १९९३ च्या उन्हाळ्यात बाबांची कंबर धरली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी पंधरा वर्षांचा. शिडीवरून ७० पाट्या वर नेल्या आणि आईला आकडा ऐटीत सांगितला. त्या दिवशी तिनं माझ्या चहात साखर जास्त टाकली.

किल्लारीच्या भूकंपाची वेळ आमच्या भागात लहानथोरांना पाठ आहे : ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकीत नाचून दमलेली आम्ही पोरं मंडळाच्या मांडवातच आडवी झालो. म्हणून मी आहे. आई, बाबा आणि धाकटी बहीण घरात निजली होती.

पुढचं फार सांगत नाही. पाऊस होता, लाकडं पेटत नव्हती. माझ्या कानामागे गुलाल तसाच होता.

पत्र्याच्या शेडमध्ये येणारा-जाणारा पाठीवर हात ठेवून म्हणे, "देवाची करणी, लेकरा." मला देवाशी काही घेणं नव्हतं. मी हिशेब करत होतो. एका पाटीत दहा किलो तरी माती, गुणिले ७०. दहावीच्या वहीच्या मागच्या पानावर तो गुणाकार पुन्हा पुन्हा करायचो. उत्तर बदलत नाही याचाच राग यायचा. रडू मात्र फुटत नव्हतं. लोक म्हणत, पोरगं खंबीर आहे. (खंबीर पोराला कुणी जवळ घेत नाही, हेही तेव्हाच कळलं.)

दिवाळीच्या सुमारास एका रात्री तात्यांना, माझ्या चुलत्यांना, ती वही दाखवली. त्यांची दोन्ही लेकरं गेली होती. कंदील जवळ ओढून ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

"माझ्या माळवदावर मी टाकली," ते म्हणाले. "माझ्याआधी माझ्या बापानं. त्याच्याआधी..."

पुढं आवाज फुटला नाही. त्यांनी पेन्सिल मागितली आणि माझ्या ७० खाली स्वतःचा आकडा लिहिला. ११०.

कंदील त्यांनीच बारीक केला. मग वही उशाला घेऊन मी त्यांच्याच वाकळेत शिरलो.