केडगावचा गलबला

प्रार्थना म्हटलं की शांतता आलीच, असं आपण धरून चालतो. 1905 साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावी मात्र प्रार्थनेचा गलबला उठला होता. पंडिता रमाबाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, वर्षाच्या सुरुवातीला रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असं विचारलं, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. पुढे तर शेकडो मुली एकाच वेळी, मोठमोठ्याने, जिची तिची प्रार्थना करू लागल्या. कुणी रडे, कुणी पापं कबूल करी, कुणी आनंदाने गाऊ लागे. बाहेरचे लोक हे बघून बिचकत. मला त्या गलबल्याबद्दल फार ओढ वाटते.

रमाबाईंना ऐकू कमी येई. त्यापायीच इंग्लंडात डॉक्टर होण्याचा बेत त्यांना सोडावा लागला होता. त्या कल्लोळातलं त्यांच्या कानांवर किती पडत असेल कोण जाणे. पण मुलींचे हलणारे ओठ, गालांवरून ओघळणारं पाणी दिसत असणारच.

आणि बाई होत्या कोण! भागवत मुखोद्गत, 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या. देवाशी बोलायला शब्दांची वाण त्यांना कधीच नव्हती. 1883 साली इंग्लंडातल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना उमगलं, की धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायचा राहिला आहे. स्वतःच्या साक्षीत त्यांनी हे सांगून ठेवलं, आणि मला ते त्यांच्या सगळ्या विद्वत्तेहून मोठं वाटतं. आम्ही जन्मापासूनचे ख्रिस्ती. संडे स्कूलमधली वचनं पाठ, गीतं पाठ, उपासनेत कुठे उभं राहायचं आणि कुठे बसायचं ते अंगवळणी पडलेलं. एका रविवारापासून दुसऱ्या रविवारापर्यंत देवावाचून आमचं काही अडत नाही. जवळीक होणार कशी?

केडगावच्या पुष्कळ मुलींचं सगळंच अडलेलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या त्या पोरी. प्रार्थनेची घडीव भाषा त्यांच्यापाशी कुठून असणार? मागणं होतं, रडणं होतं.

माझ्या आजीची प्रार्थना त्याच जातीची. पाळकसाहेब प्रार्थना करू लागले की वाक्य कुठे वळणार ते आधीच कळायचं. आजीचं कधी कळलं नाही. अंथरुणावर बसून ती देवाला घरची खबर द्यायची. मध्येच थांबून मला म्हणायची, “कडी घातलीस का गं दाराला?” आणि त्याच सुरात पुढे, “हां, तर प्रभू, थोरल्याच्या खोकल्याचं तेवढं बघ.” देव खोलीतच होता, त्याच्यासाठी तिला आवाज बदलावा लागत नव्हता.

रमाबाईंना देवाचं वचन अशाच बायकांच्या हाती द्यायचं होतं. संस्कृत जिभेवर खेळत असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला उमजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणण्यासाठी त्या वर्षानुवर्षं खपल्या. ते छापलं गेलं मुक्तीच्याच छापखान्यात; खिळे जुळवायला तिथल्याच मुली. 1921 साली एकुलती एक लेक, मनोरमा, गेली. रमाबाई काम सोडून उठल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. बायबल प्रसिद्ध झालं ते 1924 साली.

लेक गेल्यावर पुन्हा त्या कागदांपाशी बसताना त्यांचं देवाशी काय बोलणं झालं असेल, हे मनातून जात नाही. नुसतं शरण जाणंच असेल, असं मला वाटत नाही. भांडणही असेल, आणि जवळच्याशीच तर माणूस भांडतं. ईयोब भांडला होता. स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी स्तोत्रं काही थोडी नाहीत, आणि त्यांची मराठी तर रमाबाईंनी स्वतःच घडवली होती.