ह्यूमसाहेबांची अडवणूक आणि अमेरिकेतलं धर्मकारण

1886 साली नगरचे मिशनरी रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम अमेरिकेत सुट्टीवर होते आणि त्यांचं नगरला परतणंच धोक्यात आलं. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशन संस्थेने त्यांना अडवून धरलं. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर धर्मविद्यालयात बोलताना त्यांनी एका नव्या मताला सहानुभूती दाखवली होती. ख्रिस्ताचं नावही कानी न पडता जे मेले, त्यांना मृत्यूनंतर तारणाची संधी मिळेल का, असा तो वाद होता. सनातन्यांचं उत्तर होतं, नाही. अँडोव्हरच्या प्राध्यापकांना मात्र न्यायी देव अशी दारं लावून घेईल हे पटत नव्हतं.

बोस्टनमध्ये हा पोथीतला वाद असेल; नगर जिल्ह्यात तो घराघरातला होता. बोर्डाच्या मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं केलं, शाळा काढल्या, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. खेड्यापाड्यांतली महार कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे आजेपणजे येशूचं नाव न ऐकताच गेलेले होते. ते सगळे नरकात, असं ज्याला रोज त्याच माणसांत वावरून सांगावं लागतं, त्याला जुनी शिकवण जड जाणारच. ह्यूमसाहेबांचा तर जन्मच मुंबईचा.

1886 मध्येच बोर्डाच्या डे मॉइन इथल्या वार्षिक सभेत या मतावरून जोरदार खडाजंगी झाली. अखेर 1887 मध्ये ह्यूम यांना परत येऊ दिलं गेलं. नगरच्या धर्मविद्यालयात त्यांनी पाळकांच्या पिढ्या घडवल्या. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ते हिंदू आणि ख्रिस्ती विचारावर बोलले. विवेकानंद गाजले ती हीच परिषद. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक नगरला आले ते ह्यूम यांच्याच छायेत. अभंग-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त सांगणाऱ्या टिळकांना उमलायला जागा मिळाली, याचं श्रेय मी या उदार वातावरणालाही देतो.

अमेरिकेचं राजकारण हा माझ्या अभ्यासाचा विषय. तिथल्या धार्मिक उजव्यांची गोष्ट बहुतेक पुस्तकं 1979 पासून सुरू करतात. मला ती ह्यूम यांच्या अडवणुकीपासून सुरू करावीशी वाटते, कारण भांडणाचं मूळ तिथे उघडं दिसतं. नव्या ज्ञानाला आणि परक्या माणसांना सामोरं जाताना श्रद्धेने वाकायचं की ताठ राहायचं?

ताठ राहणाऱ्यांनी 1910 ते 1915 या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या पुस्तिका काढल्या. खर्च कॅलिफोर्नियाचे तेलसम्राट लायमन स्टुअर्ट यांनी केला. 1925 मध्ये टेनेसीत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. शिक्षक दोषी ठरला, पण वृत्तपत्रांनी मूलतत्त्ववाद्यांची अशी टर उडवली की ते संपले असाच शहरी अमेरिकेचा समज झाला. मोठी चर्चं, विद्यापीठं, मिशन बोर्डं उदारमतवाद्यांच्या हाती राहिली. दुसऱ्या बाजूने मात्र आपली बायबल कॉलेजं उभारली, रेडिओ धरला, नंतर टीव्ही. पन्नास वर्षं हे काम शांतपणे चालू होतं.

मग ही माणसं राजकारणात का उतरली? गर्भपातामुळे, हे उत्तर सर्रास दिलं जातं, पण ते अपुरं आहे. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या 1973 च्या ‘रो’ निकालाआधी दोनच वर्षं, 1971 मध्ये, सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या प्रकृतीला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याच्या बाजूने ठराव केला होता. खरी ठिणगी करसवलतीने पाडली, असं माझं ठाम मत आहे. शाळांत गोरी-काळी मुलं एकत्र बसू लागल्यावर दक्षिणेत गोऱ्यांच्या खासगी ख्रिस्ती शाळा भराभर निघाल्या. वंशभेद पाळणाऱ्या शाळांची करसवलत काढण्याचं सरकारने ठरवलं. दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत 1976 मध्ये गेली, आणि 1978 मध्ये करखात्याने खासगी शाळांसाठी कडक नियम मांडले तेव्हा निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. राजकीय संघटक पॉल वायरिच या क्षणाचीच वाट पाहत होते. चळवळ या करसवलतीच्या वादामुळे उभी राहिली, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं.

व्हर्जिनियाचे पाळक जेरी फॉलवेल यांचा प्रवास पाहावा. 1965 मध्ये नागरी हक्कांच्या मोर्चांत उतरलेल्या पाळकांना त्यांनी व्यासपीठावरून सुनावलं होतं, की पाळकाचं काम आत्मे जिंकणं, राजकारण नव्हे. 1979 मध्ये त्याच फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली. अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट. तरी 1980 मध्ये ही मंडळी घटस्फोटित नट रोनाल्ड रीगन यांच्यामागे गेली. श्रद्धेपेक्षा गट महत्त्वाचा ठरला, हे मला फार दुःखद वाटतं. 2016 मध्ये ट्रम्प यांना गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी जवळपास 80 टक्के मतं मिळाली, त्याचा पाया इथे आहे. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या साथीने 24 जून 2022 रोजी ‘रो’ निकाल रद्द झाला.

या सगळ्यात नगरला मिशनरी पाठवणारी मंडळी कुठे आहेत? त्यांचा पंथ 1957 मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’मध्ये विलीन झाला. 1972 मध्ये समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणाऱ्या पुरुषाला त्यांनी पाळकपदाची दीक्षा दिली. पण सुरुवातीचे वीस लाख सभासद आज आठ लाखांच्याही खाली आले आहेत. उदारमतवाद्यांनी समित्या जिंकल्या. रविवारी बाकांवर बसणारी माणसं मात्र त्यांच्या हातून निसटली. ही गळती केवळ उजव्यांमुळे झाली असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुलांना चर्चमध्ये टिकवण्याचं, खेड्यातल्या कामगाराशी त्याच्या भाषेत बोलण्याचं कामही त्यांच्याकडून राहून गेलं.

2022 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली, तेव्हा वेगवेगळ्या धर्मांचे धर्मगुरू कोर्टात गेले. त्यांत युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या एक पाळकबाई होत्या. हा कायदा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालतो, असं या धर्मगुरूंचं म्हणणं होतं. धर्मस्वातंत्र्याचं जे कलम उजवे इतकी वर्षं वापरत आले, तेच घेऊन ते उभे राहिले.