उद्या माझं पोट दुखणार आहे!

आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे असतानाची गोष्ट. जुलै महिना, बुधवारची रात्र. जेवणं झाली होती, मी भांडी विसळत होतो. चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, उद्या माझं पोट दुखणार आहे."

आत्ता पोट दुखतंय म्हणणारी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. (शाळेत असताना आपणही त्यातलेच होतो!) पण आदल्या रात्री सूचना देऊन दुखणारं पोट मी पहिल्यांदाच पाहत होतो. सौ.नं माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्विमिंगची प्रॅक्टिस होती, आणि ती घेणारा मीच होतो.

ज्यांची मुलं इथल्या उन्हाळी लीगमध्ये पोहतात त्यांना हे सगळं ठाऊक आहे. जून-जुलैमध्ये रोज सकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मीट. कुणी पालक स्टॉपवॉच धरतात, कुणी रिबिनींवर नावं लिहितात, कुणी हॉटडॉग विकतात. मला पोहण्याची पहिल्यापासून आवड, म्हणून मी सहायक कोच झालो. आमच्या मुख्य कोच म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्या आठवड्यात त्या दोन दिवस बाहेरगावी होत्या आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा गट माझ्यावर सोपवून गेल्या होत्या.

मंगळवारी रात्री मी पेन्सिल घेऊन बसलो आणि मोठ्या उत्साहानं सेट लिहिला : १०० यार्ड फ्रीस्टाइल, २० वेळा, १:२५ वर. न पोहणाऱ्यांसाठी सांगतो, '१:२५ वर' म्हणजे दर एक मिनिट पंचवीस सेकंदांनी भिंतीवरून निघायचं. शंभर यार्ड लवकर संपले तर उरलेले सेकंद विश्रांतीचे. उशीर झाला तर विश्रांती नाही, तसंच पुढे निघायचं.

आता गंमत पाहा. त्या वेळी आमच्या मुलाची शंभर यार्डांची सर्वांत चांगली वेळ होती १:२४. म्हणजे आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत त्यानं लागोपाठ वीस वेळा करायची आणि प्रत्येक वेळी मध्ये एक सेकंद श्वास घ्यायचा! मी व्यवसायानं इंजिनिअर. पुलावर किती भार पडेल हे दहा वेळा तपासल्याशिवाय सही करत नाही. पण हे साधं गणित मी केलं नव्हतं.

पहिल्या लेनमधली तीन मुलं कशीबशी टिकली. बाकीच्यांचं चौथ्या शंभरपासून बिनसलं. कोपर खाली पडलं, पाय बुडायला लागले, भिंतीवर वळण घेण्याऐवजी मुलं भिंतीला लटकायला लागली. मी काठावरून "चला, चला, हार मानायची नाही" असं ओरडत होतो. एक मुलगी गॉगल काढून डोळे पुसत होती. मला वाटलं, पाणी गेलं असेल.

गुरुवारी चिरंजीवांचं पोट ठरल्याप्रमाणे दुखलं. त्याच दिवशी आणखी दोन मुलांची पोटं दुखली. शुक्रवारी कोच परत आल्या. फळ्यावरचा कागद तसाच होता. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "हा सेट कुणासाठी लिहिलास?"

"मुलांसाठी," मी म्हणालो.

"यातल्या कोणत्या मुलासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तो सेट मी काठावर बसलेल्या पालकांसाठी लिहिला होता. त्यांना वाटावं, आज काय कसून प्रॅक्टिस घेतली! आपण ज्या शाळांतून आलो तिथे पेपर जितका अवघड तितके मास्तर हुशार. अठ्ठ्याण्णव मार्क मिळाले तर 'दोन कुठे गेले?' हा प्रश्न ठरलेला. ती सवय सामानाबरोबर इथपर्यंत आली.

त्या दिवशी मला गावची विहीर आठवली. आम्हा भावंडांना पोहायला काकांनी शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि स्वतः पाण्यात हातभर अंतरावर उभे राहायचे. "ये माझ्याकडे." आम्ही हातपाय मारत पोचायचो. दुसऱ्या दिवशी ते दोन हात लांब असायचे. तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. रोज अवघड असायचं, पण पोचलो नाही असं क्वचितच व्हायचं. काकांना इंटरव्हल हा शब्द माहीत नव्हता. मुलगा आज कुठवर येऊ शकतो आणि उद्या कुठवर येईल, हे मात्र त्यांना नेमकं माहीत असायचं.

कोचबाईंनी मला तेच कागदावर करायला शिकवलं. आधी मूल कुठे आहे ते मोजायचं. एका दिवशी ४०० यार्ड जोरात पोहायला लावायचं, दुसऱ्या दिवशी २००. चारशेच्या वेळेतून दोनशेची वेळ वजा करायची. जे उरेल त्याचं निम्मं म्हणजे त्या मुलाला बराच वेळ टिकवता येईल असा शंभरचा साधारण वेग. आमच्या चिरंजीवांना चारशेला ६:२० लागले आणि दोनशेला ३:००. फरक ३:२०, निम्मे १:४०. मग त्याचा सेट १:५० वर. शंभर यार्ड १:४० मध्ये पोहायचे, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा निघायचं.

मग प्रत्येक लेनला वेगळा कागद. पहिली लेन १० वेळा १:३० वर, दुसरी ९ वेळा १:४० वर, तिसरी ८ वेळा १:५० वर. तिन्ही लेन पंधरा मिनिटांच्या आसपास एकदमच संपतात. कुणी मागे राहिलं असं दिसत नाही, आणि कष्ट सगळ्यांना सारखेच पडतात. शेवटच्या दोन शंभरांना चेहरा लाल व्हायला हवा, पण वेळ पहिल्या शंभराइतकीच यायला हवी. वेळ घसरत गेली तर चूक सेट लिहिणाऱ्याची, हे त्यांचं ठाम मत.

अवघड करायचं म्हणजे दर वेळी विश्रांतीच कापायची असं नाही, हेही तेव्हा कळलं. कधी इंटरव्हल तोच ठेवून चार शंभर, प्रत्येक आधीपेक्षा जलद. त्यात पहिलं शंभर जपून पोहण्याची अक्कल लागते, आणि लहान मुलांना तीच सर्वांत अवघड! कधी निव्वळ वेगासाठी २५ यार्ड, आठ वेळा, आणि मध्ये भरपूर विश्रांती. विश्रांती दिली नाही तर तो वेगाचा सराव राहत नाही, दमण्याचा होतो.

मुलांचा सगळ्यांत लाडका सेट म्हणजे 'गोल्फ'. ५० यार्ड पोहायचे, हात किती मारले ते मोजायचं आणि त्यात सेकंद मिळवायचे. ४० हात आणि ४२ सेकंद म्हणजे ८२. पुढच्या पन्नासला बेरीज कमी करायची. नुसते हात धोपटले तर हातांची संख्या वाढते, नुसतं घरंगळत गेलं तर सेकंद वाढतात. हात मोजण्याची सवय किती कामाची, हे २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसलं. २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, समोरचं दिसेना. त्यानं हात मोजत शर्यत पुरी केली आणि १:५२.०३ अशा विश्वविक्रमी वेळेत सुवर्णपदक मिळवलं.

एका गोष्टीला मात्र कोचबाईंची सक्त मनाई होती : पाण्याखाली श्वास कोंडून कोण जास्त वेळ राहतो, अशा पैजा. चांगलं पोहणारं मूलही त्यात काही न कळता बेशुद्ध पडू शकतं. आपल्या घरचे पूल आणि पिकनिकची तळी लक्षात ठेवून हे मुद्दाम लिहीत आहे.

ऑगस्ट लागण्याआधी त्यांनी शेवटचा मोठा सेट मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं : १०० यार्ड, पहिला २:०० वर, मग १:५५, मग १:५०, असं दर वेळी पाच सेकंद कमी. ज्याला वेळेत पोचता येणार नाही त्यानं एक शंभर बसून काढायचं आणि पुन्हा दोन मिनिटांपासून सुरुवात करायची. यात प्रत्येक जण कुठेतरी अडकतोच, पहिल्या लेनमधलेसुद्धा. त्यामुळे अडकण्याची कुणाला लाज वाटत नाही.

चिरंजीव १:४५ ला पोचले, १:४० ला पोचले. १:३५ ला भिंतीला हात लागला तेव्हा एखादा सेकंद उरला असेल. १:३० ला अडकले. भिंतीला धरून धापा टाकत होते. मी काठावर गेलो आणि या वेळी ओरडलो नाही. मला म्हणाले, "बाबा, बाजूला हो, मला घड्याळ दिसत नाहीये."

मुलगा पुढे फार मोठा जलतरणपटू झाला, असं सांगून लेख संपवता आला असता तर छान झालं असतं. तसं काही झालं नाही. हायस्कूल संपेपर्यंत तो टीममध्ये राहिला, मधल्या लेनमध्ये पोहला, आणि पुढे दोन उन्हाळे त्याच पुलावर सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवलं. एकदा त्याला पाहायला गेलो होतो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो एका घाबरलेल्या मुलाला "कम टु मी" म्हणत होता. पोरगं हातपाय मारत आलं. पुढच्या खेपेला हा गुपचूप एक पाऊल मागे सरकला.

काकांना त्यानं कधी पाहिलेलं नाही.

येत्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी अनेक जण काठावर खुर्च्या टाकून बसणार आहात. मूल पाण्याबाहेर आलं की "किती वेळ लागला?" हे विचारण्याआधी "आजचा सेट काय होता?" एवढं विचारून पाहा. आणि आदल्या रात्रीच कुणाचं पोट दुखायला लागलं, तर औषधाच्या कपाटाकडे जाण्याआधी फळ्यावरचा कागद एकदा वाचून या.