सापाच्या तोंडी

हल्ली काचेच्या ग्लासांची सापशिडी मिळते. खोक्यात पट, फासा आणि सोंगट्यांऐवजी बुटके शॉट ग्लास. ग्लास हीच सोंगटी. साप चावला की आपली सोंगटी पिऊन टाकायची, पुन्हा भरायची आणि शेपटीपाशी नेऊन ठेवायची. शिडी मिळाली की दुसऱ्या कुणाला तरी पाजायची. बाकी नियम आपले जुनेच, सहा पडल्यावर पुन्हा दान मिळतं की नाही यावरच्या भांडणासकट.

बाणेरला भाच्याच्या फ्लॅटवर शनिवारी ‘बसायचं’ ठरलं की हा पट उघडतो. मंडळी सगळी पंचविशी ओलांडलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. शिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, जन्मभराचा हजारात, आणि तो दिला जातो आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे सरकारदरबारी आपल्याकडचा प्रत्येक पिणारा औषधच घेत असतो. मग साप चावल्यावर औषध घेतलं, तर त्यात गैर ते काय?

पण मला मौज वाटली ती वेगळीच. लहानपणी आम्ही सापशिडीत लबाडी करायचो ती साप चुकवायला. सत्त्याण्णववरून दोन पडले की नव्याण्णवचा तो लांबलचक साप दिसायचा. मग बोट हळूच एक घर जास्त सरकायचं आणि समोरची मामेबहीण हात धरायची. भाच्याच्या घरी तिसऱ्या-चौथ्या सापानंतर लबाडी उलटी सुरू होते. पाच पडलेले असताना पोरं चार मोजतात, का तर चौथ्या घरात साप आहे म्हणून. सगळ्यांना दिसतं, पण हात कुणी धरत नाही. शिक्षा म्हणून जे ठरवलं तेच सगळ्यांना हवं असेल, तर पटाची वरची बाजू खाली होते. शिडीवाला बिचारा कोरडा वर जातो आणि खालचे त्याच्याकडे दयेने बघतात.

आणि हा सगळा उद्योग त्या पटावर, जो आपल्या परंपरेने थेट आळंदीला नेऊन ठेवलाय. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना पट, ज्ञानेश्वरांचा, असं वारकरी मंडळी सांगतात. हाती आलेले पट बरेच नंतरचे आहेत, त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण पुण्यातच भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी या पटाचा माग काढला आणि रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात त्यांना मोक्षपट मिळाले, हे पुणेकराने अभिमानाने सांगायला हरकत नाही. जुन्या पटांची घरंही एकसारखी नव्हती. वैष्णवांचा पट ७२ घरांचा असे, जैनांचा ८४. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटी वैकुंठ किंवा मोक्ष. शंभर घरांच्या पटाची एक यादी पुस्तकांतून वारंवार छापली जाते. तिच्यात ५२ला चोरी, ५८ला खोटं बोलणं आणि ६२ला चक्क मद्यपान! त्याच्याही वर, ६९ला, कर्ज. बाणेरात वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये ही यादी मी वाचून दाखवली तेव्हा ६२ला टाळ्या पडल्या आणि ६९ला सगळे गप्प झाले.

विलायतेत १८९०च्या दशकात हा पट गेला, आणि पुढे पाप-पुण्याची नावं गळून नुसते आकडे राहिले. पिणाऱ्यांचं फावलं ते त्यामुळेच. रिकाम्या घरात काहीही भरता येतं.

पिण्यासाठी हाच खेळ का, बुद्धिबळ का नाही? ग्लासांचं बुद्धिबळही मिळतं. त्यात मारलेलं प्यादं मारणाऱ्याने प्यायचं, असा नियम ठेवला तर चांगला खेळणारा आधी झिंगतो, चुका करतो आणि डाव बरोबरीला येतो. हुशारीवर बसवलेला हा कर मला फार आवडला. पण अकरानंतर तो डाव कुणाच्याने पुरा होत नाही. सापशिडीला डोकं लागतच नाही. फासा झिंगत नाही आणि पिणाऱ्याचं दान न पिणाऱ्यापेक्षा वाईट पडत नाही. फक्त डाव लांबतो. अमेरिकेत १९४३ साली निघालेल्या, सापांऐवजी दहा उतरणी असलेल्या पटाचं गणित लोकांनी मांडलंय. एकट्याला शेवट गाठायला सरासरी ३९-४० दानं लागतात. हे प्यायला बसण्यापूर्वी माहीत असलेलं बरं.

नाकं मुरडणाऱ्यांना मी कोजागरीची आठवण करून देतो. त्या रात्री जागायचं, फासे खेळायचे, नारळाचं पाणी प्यायचं, हे व्रतातच सांगितलंय. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर पाण्याच्या जागी मसाला दूध आलं, फाशांच्या जागी पत्ते आणि भेंड्या. हरणाऱ्याला सायीशिवायचं दूध मिळायचं, आणि ती शिक्षा खरी शिक्षा होती. मुद्दाम हरलेला कुणी मला आठवत नाही.

भाच्याच्या कंपूचा एक नियम मात्र पक्का आहे. गाडीची किल्ली ज्याच्या खिशात, त्याचा साप कोकम सरबताचा. “मामा, तू कोकम घे, नियम तोच,” असं म्हणून त्याने किल्ली माझ्याकडेच दिली. मी घरं नीट मोजत गेलो आणि शंभरावर पहिला पोचलो. कुणी अभिनंदन केलं नाही. वर पोचलेल्याला त्या पटावर कामच नसतं, म्हणून त्याला खाली बर्फ आणि खारे शेंगदाणे आणायला पाठवतात.