माहीगीर

उर्दूच्या तासाला ‘माहीगीर’ शब्द आला की मी मुलांना मराठीत सांगते – कोळी. आपल्या कोकणात दालदीसुद्धा. न्हावा शेव्याच्या मुलांना मात्र समुद्र म्हटले की क्रेन आणि कंटेनर आठवतात. १९८९ साली इथे बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला. पुढे चौथ्या टर्मिनलच्या भरावाने खाडीतली मासेमारी गेली, म्हणून २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटींची भरपाई ठरवली. याच धक्क्यावरून उणे १८ अंशांच्या कंटेनरमधून गोठवलेली मासळी परदेशी जाते. मासळीची किंमत करता येते. पाणी पाहून भरती ओळखणाऱ्या नजरेची कशी करणार? म्हणून मुलांना म्हणते, शब्दार्थ वहीत लिहा. पण उधाण कसे ओळखतात, ते वस्तीतल्या म्हाताऱ्या माहीगिरांना विचारा. ते हयात आहेत तोवर.